दाताचा फोटो आणि किरणांची धास्ती

समजा, बोरी अरबला तुमच्या घरी सूनबाईंची दाढ दोन रात्री ठणकते आहे. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, तरी गाल सुजलेलाच. त्यातून पाचवा महिना चालू, म्हणून घरची माणसे आधीच धास्तावलेली. अखेर एस.टी. धरून तुम्ही दारव्ह्याला किंवा यवतमाळला दातांच्या डॉक्टरांकडे जाता. डॉक्टर तोंड तपासतात आणि म्हणतात, "एक फोटो काढावा लागेल." लगेच सासूबाई पुढे होतात, "नको हो डॉक्टरसाहेब, किरणं पोटातल्या जिवाला बाधतील. तुम्ही नुसती गोळी लिहून द्या."

अशा वेळी तुम्ही कोणाचे ऐकाल? सासूबाईंचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. या किरणांपायी माणसे खरोखरच दगावली आहेत, आणि त्यांत दातांचे डॉक्टरही आहेत.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. तीन महिनेही लोटले नव्हते, तोच जानेवारी १८९६ मध्ये ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचा फोटो काढवून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेली काच तोंडात धरून ते तब्बल २५ मिनिटे पडून राहिले. आज तेच काम सेकंदाच्या एका लहानशा अंशात होते, मशीनचा 'टिक्' आवाज ऐकू येईपर्यंत संपलेले असते.

अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरी एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. तिकडे दातांसाठी क्ष-किरण वापरणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी ते एक. किरण नीट येतात की नाही हे पाहायला ते नळीसमोर आपलाच हात धरीत. असे रोज, वर्षानुवर्षे. पुढे हाताला कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग पंजा, मग हात. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८ साली त्या यातनांतच त्यांचा अंत झाला.

आता बघा, हात गेला तो कोणाचा? खुर्चीत एकदा बसून गेलेल्या रोग्याचा नव्हे. रोज किरणांत हात घालणाऱ्याचा. आपली धास्ती नेमकी उलट्या जागी बसलेली असते. खुर्चीतला माणूस घाबरतो आणि शेजारी उभा असलेला निर्धास्त असतो.

जरा हिशेब करू. जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून आपल्या अंगावर नैसर्गिक किरणोत्सर्ग रोजच येत असतो. जगाची सरासरी धरली तर वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-साडेसहा. एका दाताच्या साध्या फोटोचा आकडा साधारण पाचच्या आसपास. म्हणजे सूनबाई घरी ओसरीवर बसून एका दिवसात जेवढे घेतात, त्याहून काही जास्त नाही. सगळा जबडा एकदम दाखवणारा मोठा फोटो, ज्याला ओ.पी.जी. म्हणतात, तो दहा ते पंचवीसच्या घरात. मात्र पोटाचा सी.टी. स्कॅन काही हजारांत जातो. तेव्हा "एक्स-रे" हा एकच शब्द ऐकून सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

पोटातल्या बाळाचे म्हणाल, तर किरणांचा झोत जबड्यावर असतो आणि बाळापर्यंत पोचणारा भाग नगण्य असतो. दिवस गेले आहेत हे डॉक्टरांना आधी सांगावे, हे खरेच. जो फोटो बाळंतपणानंतर काढला तरी चालेल, तो ते पुढे ढकलतील. पण दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर थांबण्यातच धोका आहे. गोळीने ठणका दबतो, पू तिथेच राहतो. तो जबड्यातून गळ्याकडे उतरला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

कित्येकांना वाटते की खोलीत किरण साचून राहतात. तसे होत नाही. दिवा मालवला की उजेड उरतो का? तसेच हे. बटण सोडले की किरण संपले.

मग जपायचे कुठे? फोटोची फिल्म किंवा तारेची पट्टी तोंडात कोणी धरायची, इथे. रोगी स्वतःच्या बोटाने धरील, किंवा ती धरायला प्लास्टिकची पकड मिळते. डॉक्टरांनी किंवा मदतनीस पोराने रोज दहा जणांच्या तोंडात आपले बोट घालून ती धरू नये. केल्ससाहेबांची चूक तीच होती. बटण दाबणाऱ्याने दोन मीटर तरी दूर किंवा आडोशाला उभे राहावे. अंतर दुप्पट केले की किरण चौथाईवर येतात. लहान मूल हलते म्हणून कोणी धरायचेच झाले, तर घरच्या माणसाने शिशाचा एप्रन घालून, झोताच्या बाजूला राहून धरावे. गरोदर बाईने मुळीच नाही.

एप्रनवरून एक गंमत सांगतो. २०२४ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सांगितले की दातांच्या फोटोसाठी रोग्याला एप्रन घालण्याची आता गरज नाही. झोतच अरुंद ठेवावा, कारण एप्रन आड आला तर फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो. तुम्हाला एप्रन घातला तर घालू द्या, पण नाही घातला म्हणून भांडू नका. त्यापेक्षा मशीनची नोंद आहे का, हे विचारा. मुंबईचे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून या कामावर देखरेख ठेवते आणि दातांची मशीनेही त्याच्या नियमांत येतात.

आपल्या भागातली एक अडचण वेगळीच आहे. खर्रा खाऊन खाऊन कित्येक तरुणांचे तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी आवळते. मग लहानशी पट्टीसुद्धा दाढेपर्यंत जात नाही, आणि ज्याचे काम एका दाताच्या फोटोत झाले असते त्याला ओ.पी.जी.साठी मोठ्या गावी जावे लागते. किरणांना भिणारे हेच गडी खर्ऱ्याची पुडी मात्र खिशात बाळगतात!

फोटो काढला की तो मागून घ्या. दारव्ह्याचा फोटो घरी राहतो, म्हणून यवतमाळला दुसरा निघतो, नागपूरला तिसरा. कागदावर असेल तर रक्ताच्या रिपोर्टाबरोबर पिशवीत ठेवा. कम्प्युटरवर असेल तर मोबाइलवर पाठवायला सांगा, आणि पुढच्या डॉक्टरांसमोर बसताच आधी तो पुढे करा.