गाडी कोणाच्या नावावर?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ हा विषय दिला होता. पण बर्फ, पगार आणि तिकडच्या शिस्तीबद्दल तुम्ही आजवर पुरेसं ऐकलेलं आहे. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतला. परदेशी नागरिकानं गडचिरोली जिल्ह्यात मोटारसायकल विकत घेणं आणि ती स्वतःच्या नावावर नोंदवणं, यावर मी बोलणार आहे. हा परदेशी नागरिक म्हणजे मीच. तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाऊ, जावई बाहेर आहेत. त्यातले काही परत येऊन राहायला लागतील, तेव्हा हे कामी येईल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी चामोर्शीचा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, म्हणजे आपण दहावीत होतो तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. नदीपलीकडची आम्ही बरीच पोरं चंद्रपूरला खोली करून शिकायचो. १९९८ ला मी नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेलो आणि २०१० ला तिथलं नागरिकत्व घेतलं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. मग ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. त्याच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे, पण त्या कार्डावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली शेती मात्र चालते. आणि ताडोब्यात मला भारतीयांच्याच दरानं प्रवेश मिळतो, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

निवृत्ती लवकर घेतली. आता ऑक्टोबर ते मार्च मी आईजवळ चामोर्शीला असतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. औषधं गडचिरोलीहून आणायची, बँकेचं काम असतं, आष्टीला बहीण राहते. दरवेळी भाच्याची गाडी मागायची म्हणजे त्याचं कॉलेज बुडतं. म्हणून २०२३ च्या दिवाळीत गाडी घ्यायचं ठरवलं.

एका शोरूममध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलानं आधार मागितलं. माझ्याकडे तेव्हा आधार नव्हतं, म्हणून पासपोर्ट पुढे केला. त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “काका, फॉरेनरला गाडी भेटत नाही.” तेवढ्यात माझ्यासोबत आलेला आपला एक वर्गमित्र (तो इथेच बसलेला आहे, नाव घेत नाही) म्हणाला, “अबे, माह्या नावावर घे ना! तुले कोण विचारते?”

हे प्रेमानं म्हटलेलं होतं. आपल्याकडे निम्म्या गाड्या अशाच चालतात, बापाच्या, मेव्हण्याच्या, नाहीतर आधीच्या मालकाच्या नावावर. पण मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं हे तुम्हाला नीट सांगायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, अपघात झाला तर भरपाईसाठी कायदा नोंदणीपुस्तकातल्या नावाकडे पाहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्यात गाडी एकामागून एक चौघापाचांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती. जबाबदारी त्या पहिल्या माणसावर आली. म्हणजे आष्टीच्या रस्त्यावर माझ्या हातून कोणी जखमी झालं, आणि विम्यात काही खोट निघाली, तर नोटीस माझ्या मित्राच्या घरी जाणार. मी एप्रिलमध्ये विमानात बसून निघून गेलेला असणार. मैत्रीवर एवढं ओझं टाकू नये असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट विम्याची. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, तेही त्याच्याकडे वैध लायसन असेल तर. मित्राच्या नावावरची गाडी मी चालवताना गेलो, तर त्या विम्यातून माझ्या घरच्यांना काही मिळणार नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या भागाची. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे जाताना नाकाबंदीत कागद दाखवावे लागतात. जर्मन पासपोर्टवाला माणूस दुसऱ्याच्या नावाच्या गाडीवर का फिरतोय, हे त्या जवानाला समजावून सांगण्यात अर्धी दुपार जाईल, आणि विचारण्यात त्याची काही चूकही नाही.

मग मी कायदा वाचायला बसलो. १९८८ चा मोटार वाहन कायदा, म्हणजे आपल्या दहावीच्याच वर्षाचा! त्याचं कलम ४० म्हणतं की, मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात ती नोंदवावी. नागरिक नसलेल्यानं गाडी नोंदवू नये असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कायद्याला हवा असतो पत्ता. तुम्ही राहता कुठे आणि गाडी रात्री कुठे उभी असते, एवढंच तो विचारतो.

हा प्रश्न मला ओळखीचा होता. श्टुटगार्टला २००१ मध्ये मी जुनी यामाहा घेतली, तेव्हा मी तिथे परदेशी होतो आणि खिशात भारतीय पासपोर्ट होता. तिथेही पासपोर्टच्या रंगाचं कोणाला काही नव्हतं. तिथे राहायला आलेल्या प्रत्येकानं नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्या नोंदीचा कागद, विम्याचा पुरावा, दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीचा दाखला आणि गाडीची मूळ कागदपत्रं दिली की काम झालं. नंबरप्लेट कार्यालयाजवळच्या दुकानातून आपणच बनवून आणायची, मग आतला कारकून तिच्यावर मोहोर चिकटवतो. अवघड होतं ते लायसन. आपलं लायसन तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. प्रशिक्षक मागून मोटारीतून येतो आणि कानातल्या रेडिओवरून सांगतो, डावीकडे वळा, आता थांबा. चंद्रपूरच्या गांधी चौकातून सायकल काढलेल्या माणसाला ते फार सोपं वाटलं, असं मी तिथे कोणाला बोललो नाही.

तर प्रश्न तोच होता, फक्त या वेळी उत्तर चामोर्शीतून द्यायचं होतं. माझ्या जन्मगावात मी राहतो याचा पुरावा माझ्याजवळ नव्हता. जर्मन पासपोर्टवर राहण्याच्या ठिकाणी श्टुटगार्ट लिहिलेलं. घर आईच्या नावावर, वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर. मतदार यादीतून नाव गेलेलं.

इथे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला चौथा नियम कामी आला. वय आणि पत्त्यासाठी कोणते पुरावे चालतात त्याची यादी त्यात आहे, आणि यातलं काही देता येत नसेल तर नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो अशी तरतूद आहे. मी प्रतिज्ञापत्र केलं, सोबत आईचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि ओसीआय कार्डाची प्रत जोडली. आईनं सही करताना विचारलं, “बापा, तू माह्या घरी रायतेस हे मी लिहून द्याचं? कोणाले खोटं वाटते?” मला उत्तर सुचलं नाही.

त्याच यादीत शाळेचा दाखलाही आहे. माझं जुनं भारतीय लायसन कधीच संपलेलं होतं. (मुदत संपून एक वर्ष उलटलं की आता नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. आपल्या वयाच्या सगळ्यांनी आज घरी जाऊन आपापली तारीख पाहा.) वयाचा पुरावा म्हणून मी आपल्या शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत काढली. ऑफिसमध्ये जुनं रजिस्टर काढून तासाभरात ती हातात दिली, त्याबद्दल मनापासून आभार. दाखल्यावर लिहिलं आहे, ‘राष्ट्रीयत्व : भारतीय. वर्तणूक : चांगली.’ दुसऱ्या नोंदीबद्दल इथे बसलेल्या गुरुजनांचं मत वेगळं असू शकेल. पहिल्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो. आज ती खरी नाही, पण ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी खरी होती, आणि लायसनच्या अर्जाला तीच जोडली.

शिकाऊ लायसन, तीस दिवस थांबणं, चाचणी, चाळिशीनंतर लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हे सगळं तुम्हा सर्वांना करावं लागतं तसंच. आपण पन्नाशी ओलांडली आहे. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढलेलं लायसन साठीपर्यंत चालतं. गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि एकरकमी कर शोरूममध्येच भरला, दुसऱ्या शोरूममध्ये. दुचाकीला तेव्हा पॅनची सक्ती नव्हती, ती चारचाकीला होती. नोंदणी पंधरा वर्षांसाठी झाली, २०३८ पर्यंत.

पुढच्या वर्षी आधारही मिळालं. परदेशी नागरिकाला त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. ऑक्टोबर ते मार्च मोजून पाहा. लीप वर्ष नसेल तर बरोबर १८२ भरतात. एक दिवस आधी विमानात बसलो असतो तर गेलं असतं.

गेल्या महाशिवरात्रीआधी आईला मार्कंड्याला नेलं. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसते, त्यामुळे ताशी तीसच्या वर जाता येत नाही. परवा आलापल्लीच्या पुढे नाकाबंदीत एका तरुण जवानानं कागद मागितले. नोंदणीचं कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, “चामोर्शीचे का?” मी हो म्हटलं. त्यानं कार्ड परत दिलं आणि पुढच्या ट्रककडे वळला.

मी ३१ मार्चपर्यंत इथे आहे. प्रतिज्ञापत्राच्या आणि आईच्या संमतीपत्राच्या मसुद्याच्या प्रती आणल्या आहेत, ज्यांना हव्या त्यांनी जेवणाच्या वेळी घ्याव्यात. गाडी बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी आहे, एमएच ३३. चंद्रपूरकरांनी एमएच ३४ च्या गाड्या जरा बाजूला घेतल्या, तर मला संध्याकाळच्या आत घाटकूळचा पूल ओलांडून घरी पोहोचता येईल.