पान आहे, पण सापडत नाही



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की हे काम यंत्रज्ञांचे. व्याख्यानमालेत त्याचे प्रयोजन काय? परंतु मनुष्य ग्रंथपालाकडे जाण्याआधी शोधयंत्राकडे जाऊ लागला, तेव्हापासून हा विषय यंत्रज्ञांपुरता उरलेला नाही. जे शोधात सापडत नाही ते अस्तित्वातच नाही, असे समजण्याची सवय आपणा सर्वांस लागली आहे. अशा वेळी एखाद्या संस्थेचे कष्टाने उभारलेले संकेतस्थळ गूगलमध्ये दिसत नसेल, तर त्या संस्थेचे काम लोकांच्या दृष्टीने पुसले गेल्यासारखेच होते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पनेनेच घेऊ. एका तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय आहे. चिटणिसांनी संकेतस्थळ करवून घेतले. जुन्या मासिकांचे अंक, दुर्मिळ ग्रंथांची यादी, सभासदत्वाचे नियम असे सारे त्यावर चढवले. पत्ता टाइप केला की पान उघडते. परंतु गूगलमध्ये वाचनालयाचे नाव घालून शोधले, तर काहीच येत नाही. चिटणीस म्हणतात, "खर्च फुकट गेला." आम्ही म्हणतो, इतक्यात निकाल देऊ नका, कोठे अडले आहे ते आधी पाहू.

त्यासाठी शोधयंत्राची कामाची रीत समजून घेतली पाहिजे. आपण प्रश्न विचारला की ते यंत्र जगभर धावत सुटते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते आधीच फिरून आलेले असते. त्याचा एक कार्यक्रम, ज्याला इंग्रजीत क्रॉलर म्हणतात व आम्ही सोयीसाठी 'फिरस्ता' म्हणू, एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर असा अखंड फिरत असतो. त्याने आणलेली पाने वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार होते. आपला प्रश्न जातो तो या सूचीकडे. १९९४ साली ब्रायन पिंकर्टन यांनी वेबक्रॉलर हे यंत्र सुरू करून पानावरील सगळे शब्द शोधाच्या कक्षेत आणले, आणि १९९८ साली गूगल ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून पद्धती पुष्कळ बदलल्या. पण फिरणे, सूची करणे आणि उत्तर देणे ही तीन कामे तीच राहिली आहेत.

म्हणून आमच्या चिटणिसांनीही प्रश्न याच क्रमाने विचारावेत. फिरस्ता आला होता काय? आला असल्यास त्यास आत येऊ दिले काय? आत आला असल्यास त्याला काही वाचता आले काय? वैद्य जसा नाडी पाहिल्याखेरीज औषध देत नाही, तसे हे प्रश्न विचारल्याखेरीज कोणताही उपाय करू नये.

नाडी पाहण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. गूगलच्या शोधपेटीत 'साइट' हा शब्द रोमन लिपीत लिहून, त्यापुढे दोन टिंबे देऊन, जागा न सोडता आपला पत्ता लिहावा. सूचीत असलेली पाने त्यात दिसतात. सगळीच दिसतील असे मात्र नाही; हा अंदाज आहे, हिशेब नव्हे. हिशेब हवा असेल तर गूगलचे सर्च कन्सोल उघडावे. २०१५ पर्यंत त्याचे नाव वेबमास्टर टूल्स असे होते. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केले, की एकेका पानाची स्थिती तेथे कळते. त्यात दोन शेरे वारंवार येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'पत्ता कळला, पण सूचीत नाही' याचा अर्थ फिरस्ता अद्याप आलेलाच नाही. 'पान पाहिले, पण सूचीत नाही' याचा अर्थ तो येऊन गेला आणि पान त्याने ठेवून घेतले नाही. पहिल्यात रस्ता तपासायचा, दुसऱ्यात पान.

प्रथम रस्ता पाहू. फिरस्ता दुव्यांवरून चालतो. वाचनालयाची ग्रंथसूची जर केवळ शोधपेटीत नाव टाइप केल्यावरच दिसत असेल, तर ती त्याला बहुधा दिसणारच नाही; कारण तो पेटीत ग्रंथांची नावे टाइप करीत बसत नाही. वर्षवार किंवा लेखकवार याद्या करून त्यांचे दुवे मुखपृष्ठावर द्यावेत. सोबत पत्त्यांची यादी, म्हणजे साइटमॅप, सादर करावी. एका यादीत ५०,००० पत्ते मावतात, तेव्हा आमच्या वाचनालयाला एक पुरे. पण यादी दिली म्हणजे पाने सूचीत गेलीच असे नव्हे. ते निमंत्रण आहे, आणि निमंत्रण दिले म्हणून पाहुणा येतोच असे नाही.

पाहुणा आला आणि दार बंद आढळले, तर? सर्व्हरने ५०० किंवा ५०३ असा क्रमांक परत केला, तर त्याचा अर्थ 'आता जमत नाही' असा होतो. हे वारंवार घडले, की फिरस्ता आपल्या फेऱ्या कमी करतो. कधी संरक्षणासाठी बसवलेली भिंत चोराबरोबर या फिरस्त्यासही अडवते. चिटणिसांच्या घरून पान उघडते म्हणून त्याच्यासाठीही उघडत असेल, असे धरून चालू नये.

आता परवानगीचा प्रश्न. येथे सर्वांत अधिक घोटाळे होतात, म्हणून जरा थांबून पाहू. संकेतस्थळाच्या दाराशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक लहानशी सूचनापाटी असते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी तिची कल्पना मांडली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या क्रमांकाने तिला रीतसर मानकाचे रूप मिळाले. तिच्यात 'डिसअलाऊ' या शब्दापुढे काहीच लिहिले नाही, तर कशालाही बंदी नाही; पण नुसती एक तिरकी रेघ ओढली, तर साऱ्या घराला बंदी! गंमत अशी, की ही पाटी मुळीच नसली तर फिरस्ता खुशाल आत येतो. परंतु पाटी मागितल्यावर सर्व्हरच कोलमडला, तर तो सगळीकडे बंदी आहे असे समजून परत फिरतो.

दुसरी सूचना पानाच्या आत असते: 'नोइंडेक्स', म्हणजे वाचा, पण सूचीत घेऊ नका. पाटी येण्यास मना करते. नोइंडेक्स नोंद करण्यास मना करते. हा भेद न कळल्यामुळे लोक दोन्ही एकदम लावतात. परिणाम काय होतो? पाटी पाहून फिरस्ता बाहेरच राहतो, आतली नोइंडेक्सची सूचना त्याला दिसतच नाही, आणि दुसऱ्या कोणी दिलेल्या दुव्यावरून ते पान नुसत्या पत्त्यानिशी सूचीत येऊ शकते. जे लपवायचे ते असे उघडे पडते. पान सूचीतून काढायचे असेल, तर दार उघडे ठेवून आत नोइंडेक्स लिहावे; आणि खरोखर खाजगी कागद असेल, तर त्याला परवलीच्या शब्दाचे कुलूपच घालावे.

उलट, जे दाखवायचे ते लपून राहते त्याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. संकेतस्थळ तयार होत असताना कारागीर ही बंदी मुद्दाम घालून ठेवतो. वर्डप्रेसमध्ये 'शोधयंत्रांनी सूचीत घेऊ नये' अशा अर्थाची एक चौकट आहे. उद्घाटन होते, भाषणे होतात, हार घातले जातात, आणि ती खूण तशीच राहते. आमच्या चिटणिसांनी सर्वांआधी ही चौकट पाहावी.

तिसरा प्रश्न वाचण्याचा. एकच पान चार पत्त्यांनी उघडत असेल, तर शोधयंत्र त्यांतील एक निवडते. खरा पत्ता कोणता हे सांगण्यासाठी २००९ पासून कॅनॉनिकल ही खूण आहे. प्रत्येक पानावर मुखपृष्ठाचाच पत्ता खरा म्हणून लिहिला, तर आतली सारी पाने त्याचीच नक्कल समजली जाण्याचा धोका असतो. संकेतस्थळाची रचना बदलून जुने पत्ते मोडले, तर जुन्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाची कायमची सूचना ठेवावी. घर बदलल्यावर आपण टपाल कचेरीत नवा पत्ता देतो, तसेच हे.

पण आपल्या मराठी संस्थांची खास अडचण याहून निराळी आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तरीही पुढे कित्येक वर्षे आपले मजकूर जुन्या, ज्याच्या त्याच्या निराळ्या फॉन्टांत टाइप होत राहिले. त्यांत आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फिरस्ता मुखवटा पाहत नाही, संकेत वाचतो. त्याला त्यात मराठीचा एक शब्दही सापडत नाही. जुन्या अंकांचे फोटो चढवले, तर चित्रांतून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न यंत्रे करतात खरा. पण पुसट छपाईतील जोडाक्षरांची शाश्वती कोण देणार? उपाय कष्टाचा आहे, खर्चाचा नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करावा. आणि प्रत्येक अंकाला स्वतंत्र पान देऊन त्यावर वर्ष, संपादक, लेखांची नावे व लेखकांची नावे युनिकोड मराठीत टाइप करावीत. एवढे केले, तरी विस्मृतीत गेलेला एखादा लेखक त्याच्या पणतीला घरबसल्या सापडू शकेल.

दुरुस्तीनंतर धीर धरावा. सूचीत बदल दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. रोज अर्ज केल्याने ते लवकर होत नाही. पैसे घेऊन जास्त फेऱ्या मारणे किंवा वरचा क्रमांक देणे गूगल करीत नाही, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. तेव्हा तसे वचन देणाऱ्यापासून सावध राहावे. सर्व दोष काढल्यावरही प्रत्येक पान घेतलेच जाईल अशी हमी नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शेवटी एकच विनंती. संकेतस्थळाचे परवलीचे शब्द कारागिराच्या खिशात न ठेवता संस्थेच्या दप्तरात ठेवा, आणि वार्षिक सभेत हिशेबाबरोबर एक प्रश्न विचारत चला: आपली किती पाने लोकांना सापडतात? ग्रंथ विकत घेऊन कपाटात ठेवला व त्याची नोंद केली नाही, तर ग्रंथपालाला आपण जाब विचारतो. तोच जाब येथेही विचारण्याचा हक्क आपला, सभासदांचा आहे. तो आपण बजावावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.