थंड इंजिनाची साक्ष

जुनी मोटार विकत घेणाऱ्याच्या पदरीं गाडीबरोबर तिचा पूर्वेतिहासहि पडतो. परंतु तो कागदोपत्रीं फारसा लिहिलेला नसतो. आधींच्या मालकानें कोणती तार कोठें जोडली, कोणत्या नळीस कोठें भोंक पाडलें, हें सारें बॉनेटखालीं दडलेलें असतें. मुंबई-पुण्याकडे अशा फेरफारांत विशेष प्रचलित म्हणजे पेट्रोलच्या गाडीस मागाहून बसविलेलें सी. एन. जी. किट होय. अशी एखादी गाडी थंडीच्या दिवसांत रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं सुरू होतांना थरथरते, अडखळते, मिस्त्रीलोकांच्या भाषेंत ‘मिसिंग’ करते. आणि चार-पांच मिनिटांनीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत सुरळीत चालूं लागते. दुपारीं ती गॅरेजांत नेली तर तेथें कांहींच आढळत नाहीं. मग अंदाजानें प्लग बदलले जातात, कॉईल बदलली जाते, बिलें वाढतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच थरथर! वास्तविक या व्याधीचें निदान फारसें खर्चाचें नाहीं. त्यास हवी ती शिस्त आणि सबुरी.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरांतील पेट्रोल व हवा यांचें मिश्रण वेळेवर न पेटणें. तें पेटण्यास तीन गोष्टी लागतात: प्रमाणशीर मिश्रण, जोमदार ठिणगी व पुरेसा दाब. इंजिन थंड असतांना पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. म्हणून गाडींतील संगणक नेहमींपेक्षां जास्त पेट्रोल सोडतो. किती जास्त, हें तो मुख्यतः कूलंटचें तापमान सांगणाऱ्या सेन्सरवरून ठरवितो. एक्झॉस्टमध्यें बसविलेला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणांतील चूक संगणकास कळवितो खरा. पण तो स्वतः तापेपर्यंत मुका असतो. त्यामुळें पहिल्या एक-दोन मिनिटांत संगणकास आपली चूक कळत नाहीं. पुढें सेन्सर बोलूं लागला कीं संगणक कमीजास्त करून घेतो, आणि लहानसहान दोष झांकले जातात. म्हणून गाडीची खरी साक्ष थंड इंजिनाचीच. गरम इंजिन पाहून निदान करणें म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याची नाडी पाहण्यासारखें आहे.

सी. एन. जी.च्या गाडींत पहिला पुरावा घड्याळ देतें. प्रचारांतील बहुतेक किटें इंजिन पेट्रोलवरच सुरू करतात, व कूलंटच्या उबेनें रिड्यूसर सुमारें ३० ते ४० अंशांपर्यंत तापल्यावर गॅसकडे वळतात. तेव्हां थरथर अगदीं आरंभीं होत असेल, तर संशय पेट्रोलच्या बाजूवर घ्यावा. गॅसकडे वळतांनाच होत असेल, तर किटवर. मालकास मात्र गाडी गॅसवर चालते एवढेंच ठाऊक असतें, व तो पहिल्या दिवसापासून किटलाच दोष देत बसतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या टांकींत दोन-चार लिटर पेट्रोल महिनेच्या महिने पडून राहतें. त्यांतील हलके अंश उडून जातात, आणि थंडींत पेट घेण्यास तर तेच अंश उपयोगी! शिवाय फारसे वापरांत नसलेले पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. म्हणून कोणताहि भाग विकत घेण्यापूर्वीं टांकींत ताजें पेट्रोल भरावें आणि आठवडाभर गाडी केवळ पेट्रोलवर चालवावी.

एवढ्यानें गुण न आल्यास पद्धतशीर तपासास लागावें. रात्रभर निवालेल्या गाडीस सकाळीं स्कॅनर जोडावा व इंजिन सुरू करण्यापूर्वींच कूलंटचें आणि आंत येणाऱ्या हवेचें तापमान वाचावें. दोन्ही आंकडे बाहेरच्या हवेशीं जवळजवळ जुळले पाहिजेत. बाहेर १० अंश असतां कूलंटचा सेन्सर ४० सांगत असेल, तर संगणक फसला, त्यानें पेट्रोल कमी सोडलें, आणि निदान तेथेंच संपलें. आंकडे जुळत असल्यास इंजिन सुरू करावें. भारतांत २०१३ पासून सक्तीच्या झालेल्या ओ. बी. डी. व्यवस्थेचा दुसरा टप्पा ज्या गाड्यांत आहे, त्या मिसिंगची नोंद ठेवतात. पी ०३०० ही खूण अनेक सिलिंडरांची किंवा अनिश्चित मिसिंगची. पी ०३०१ ते पी ०३०४ या खुणा अनुक्रमें पहिल्या ते चौथ्या सिलिंडराच्या.

समजा, तिसऱ्या सिलिंडराचें नांव निघालें. तर तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यास व दुसऱ्याची तिसऱ्यास लावावी, आणि गाडी पुन्हां रात्रभर उभी ठेवावी. सकाळीं दोष दुसऱ्याकडे गेला तर कॉईल अपराधी. तिसऱ्यांतच राहिला तर ती निर्दोष. दुसऱ्या रात्रीं प्लगची अशीच अदलाबदल करावी, व तिसऱ्या रात्रीं, शक्य असल्यास, इंजेक्टरची. एका रात्रीं एकच बदल, हा नियम मोडूं नये. दोन भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित् सुधारेल, परंतु कशानें सुधारली हें कळणार नाहीं. गॅस पेटविण्यास पेट्रोलहून अधिक दाबाची वीज लागते. म्हणून अशा गाड्यांत कॉईल व प्लग यांजवर ताण अधिक, हें खरें. तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे. काढलेला प्लगहि पुष्कळ सांगतो: पेट्रोलनें भिजलेला असेल तर ठिणगी पडली नाहीं, कोरडा असेल तर पेट्रोल पोंचलें नाहीं.

यानंतर फेरफारांचा झाडा घ्यावा. गॅसच्या नळ्यांसाठीं मॅनिफोल्डला पाडलेलीं भोंकें, पेट्रोल-इंजेक्टरच्या तारा तोडून केलेले जोड, कूलंटच्या पाइपला दिलेले फांटे, हीं सर्व दोषाचीं ठिकाणें होत. थंडींत रबर आखडतें, जोडांतून हवा शिरते, आणि गरम झाल्यावर तीच फट मिटते. गॅसचा इंजेक्टर नीट मिटत नसेल, तर उरलेला गॅस रात्रीं मॅनिफोल्डमध्यें झिरपतो. त्याची परीक्षा सोपी आहे. संध्याकाळीं गॅसच्या टांकीचा हातानें फिरवावयाचा व्हॉल्व्ह बंद करावा व नळींतील गॅस संपून गाडी पेट्रोलवर येईपर्यंत इंजिन चालवावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थरथर नाहींशी झाली, तर चोर सांपडला. गॅसच्या दुरुस्तीस मात्र अधिकृत किट बसविणाराच हवा. तेथें हौशी हात चालवूं नयेत.

कारण यंत्राच्या आंतच असेल तर प्रश्न गंभीर होतो. गॅसच्या कोरड्या ज्वलनानें व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह आंत बसतो आणि टॅपेटची फट नाहींशी होते. कांहीं ॲल्युमिनियमच्या इंजिनांत ही फट थंडपणीं सर्वांत कमी असते. सबब सकाळीं व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. अशा वेळीं थंड इंजिनावरच टॅपेटची फट व कॉम्प्रेशन मोजावें. एखाद्या सिलिंडराचा आंकडा इतरांहून शेंकडा १५ हून अधिक खालीं असल्यास दोष दाबाचा. याहून वाईट म्हणजे फुटलेलें हेड गॅस्केट. त्यांतून रात्रीं कूलंट सिलिंडरांत उतरतें. सकाळीं मिसिंग, गोडसर वासाचा व लवकर न विरणारा पांढरा धूर, कूलंटची रोज घटणारी पातळी आणि वाफेनें धुतल्यासारखा स्वच्छ प्लग, हीं लक्षणें एकत्र दिसतांच गाडी सुरू करणें थांबवावें. पाणी दाबलें जात नसल्यामुळें सिलिंडर भरला तर कनेक्टिंग रॉड वांकतो, आणि कांहीं हजारांची दुरुस्ती सबंध इंजिनावर जाते.

तसेंच डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला तर ती गोष्ट हलकी समजूं नये. न जळलेलें पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, व तो महागडा भाग जळून जातो. हे सर्व प्रयोग उघड्या हवेंत करावेत. बंद गॅरेजांत चालणाऱ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वायु माणसाचा प्राण घेतो, आणि त्यास वास नसतो.

जे अद्याप गाडी शोधीत आहेत, त्यांचें काम यामानानें सोपें. सी. एन. जी.ची नोंद आर. सी. पुस्तकांत आहे ना, टांकीच्या दर तीन वर्षांच्या परीक्षेचा दाखला आहे ना, हें पाहावें. विक्रेत्यास सकाळची वेळ द्यावी, व पोंचतांच प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तें ऊन लागलें तर चहा घेऊन परत यावें आणि दुसऱ्या दिवसाची वेळ मागावी. विक्रेत्यानें कुरकुर केली तरी चालेल. दुसरी गाडी मिळेल.