उरलेले एक छायाचित्र

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो, तो आजतागायत तिथेच आहे. स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविले. त्या निमित्ताने वाशीम, कारंजा, शिरपूर आणि रिसोड येथील अनेक घरांतील पेट्या उघडल्या गेल्या. त्या पेट्यांनी मला जे शिकविले, तेवढेच आपणांसमोर ठेवतो.

कापड दुकानदाराला छायाचित्राची तारीख विचारावी लागत नाही, ती वस्त्रावरून कळते. नऊवारी लुगडे आणि धोतर दिसले की एक पिढी कळते. नायलॉनची साडी, टेरिलीनचा सदरा दिसला की पुढची. बेलबॉटमची विजार दिसली की वराचे लग्न सत्तरच्या दशकातले, हे मी डोळे झाकून सांगेन. परंतु वस्त्र ओळखू येई आणि ते नेसलेली व्यक्ती मात्र घरातल्या कोणालाच ओळखू येत नसे, असे कितीदा तरी घडले. "कोणी तरी आत्या असावी," एवढेच उत्तर मिळे. ज्या आत्येने त्या लग्नात पंगती वाढल्या असतील, ती दोन पिढ्यांत 'कोणी तरी' झाली!

या विषयाचा आपल्या समाजाशी एक अभिमानाचा संबंध आहे. भारतीय छायाचित्रकलेतील अग्रगण्य नाव म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे करण्याच्या नोकरीस लागले आणि तिथेच छंद म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी आपले वऱ्हाड नावापुरते निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशी स्थिती होती. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेला आहे.

राजवाडे, शिकारी आणि दरबार यांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. मला मात्र त्यांचे दुसरेच एक काम मोठे वाटते. १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तिथे छायाचित्रे काढण्यासाठी एका इंग्रज बाईंची नेमणूक केली. पडद्यातील स्त्रियांचाही चेहरा मागे उरावा, याची व्यवस्था त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी केली. आपण आपल्या घरात तेवढीही केली का, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.

फेब्रुवारी १९८१ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा सहस्राब्दी महामस्तकाभिषेक झाला. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. आई-वडील, काका-काकू आणि आम्ही भावंडे निघालो. वाशीमची गाडी तेव्हा मीटरगेज होती. पूर्णेला उतरून पुढे गाड्या बदलत, शिदोरीच्या डब्यांसह आम्ही पोहोचलो. माझ्याजवळ मित्राकडून मागून आणलेला अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे निघत. आजच्या मुलांना बारा हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा प्रत्येक वेळी बटण दाबताना हिशेब करावा लागे.

सत्तावन्न फुटांची ती एकाच पाषाणातील मूर्ती, कलशांतून वाहणारे दूध आणि केशर, अथांग जनसमुदाय. अकरा छायाचित्रे कशी संपली ते कळलेही नाही. बारावे शिल्लक होते. टेकडी उतरून आई एका पायरीवर टेकली होती. डोक्यावरचा पदर थोडा मागे सरकला होता, आणि चेहऱ्यावर असे समाधान होते की तसे मी घरी कधी पाहिले नव्हते. मी कॅमेरा उचलला. ती लाजून म्हणाली, "माझा कशाला काढतोस रे? देवाचा काढ." मी आज्ञाधारक मुलासारखा वळलो आणि बारावे छायाचित्रही मूर्तीचेच काढले.

१९८४ साली आई गेली. भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्र शोधू लागलो, तर तिचे एकटीचे एकही नव्हते. शेवटी चुलतभावाच्या लग्नातील समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करावा लागला. तोही अर्धा पदराआड. उरलेला अर्धा चेहरा स्टुडिओतील कारागिराने अंदाजाने रंगविला. गेली चाळीस वर्षे मी ज्या प्रतिमेला हार घालतो, तिच्यातील अर्धी आई माझी नाही. भगवंताची मूर्ती हजार वर्षे उभी होती, पुढेही राहील. आई त्या पायरीवर जेमतेम पाच मिनिटे बसली होती.

आमच्या पेठेत ज्यांनी तीन पिढ्यांची लग्ने टिपली, अशा एका वयोवृद्ध छायाचित्रकार स्नेह्यांना हा प्रसंग मी सांगितला. ते म्हणाले की, प्रत्येक घरात अशी एक व्यक्ती असते, जी सदैव कामात असते आणि म्हणून चौकटीबाहेर राहते. नवरा-नवरी सर्वांना दिसतात. आपण मात्र आधी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन तिला टिपतो, हा त्यांचा नियम होता. दुसरेही एक त्यांनी सांगितले. आपली लग्ने पूर्वी दिवसा लागत आणि सूर्यास्तापूर्वी पंगती उठत. धर्मही पाळला जाई आणि चेहऱ्यांवर खरा उजेडही असे. आता रात्रीच्या झगमगाटात शेकडो पाहुणे व्यासपीठावर रांगेने येतात, आहेर देतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि उतरतात. अल्बम जाड होतो. पण गुडघ्यांमुळे व्यासपीठाच्या पायऱ्या चढू न शकलेली आजी त्यात सापडत नाही.

दोष छायाचित्रकाराला देणे सोपे आहे. माझ्या मुलीच्या लग्नाची हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत. हजारो ग्राहकांचे लग्नाचे बस्ते मी बांधून दिले, तेव्हा स्वतःच्या लेकीचे लग्न नीटनेटके व्हावे, हा माझा आग्रह होता. पाठवणीच्या चित्रांत आई आहे, मामा आहेत, शेजारीही आहेत. मी नाही. बराच शोध घेतल्यावर एका चित्राच्या कोपऱ्यात पाठमोरा सापडलो. हातात वही होती आणि मी मंडपवाल्याचा हिशेब करीत होतो. कॅमेऱ्याने खोटे काही सांगितले नाही. मी तिथे नव्हतोच.

आपणांपैकी कोणी विचारतील की, चित्रांचा एवढा लोभ हा मोहच नव्हे का? बारा भावनांतील पहिलीच भावना अनित्य भावना आहे. शंका रास्त आहे, आणि मीही तिच्यावर पुष्कळ विचार केला. माझ्या अल्पमतीला असे वाटते की, जुने छायाचित्र हाच अनित्यतेचा सर्वांत सोपा पाठ आहे. बालक, वर, पिता, वृद्ध हे सारे पर्याय एकाच पेटीत एकापाठोपाठ दिसतात. ते पाहून जो केवळ हळहळतो, त्याचा मोह वाढतो. जो उठून शेजारच्या खोलीत बसलेल्या वृद्ध आईजवळ जाऊन बसतो, त्याला पाठ कळला.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, घरातील प्रत्येक जुन्या छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. शाईचे पेन वापरू नका, शाई पुढे उमटते. ओळखणारे वडीलधारे आहेत, तोवरच हे काम होईल. दुसरी, मोबाइलमधील हजारो चित्रांतून वर्षाला निदान बारा निवडून कागदावर छापून घ्या. बारा पुरेशी असतात, हे मी अनुभवाने सांगतो. आणि तिसरी, शिखरजीला जा, गिरनारला जा, मुक्तागिरीला जा. पण जाताना वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या, त्यांच्या चालीने चाला आणि ते पायरीवर टेकले की आपणही शेजारी टेका.

त्या वेळी कोणी "माझा कशाला, देवाचा काढ" असे म्हणाले, तर कृपया ऐकू नका.