पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?



१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा पारशी बांधवांच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या प्रयत्नांतून तेथे पांजरापोळ उभी राहिली. त्या काळी प्रश्न प्राण वाचविण्याचा होता. आज वाचविलेल्या जिवाला घर देण्याचाही आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. आपल्या समाजातील अनेक घरे आज असा विचार करीत आहेत. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो हाच : पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

मन पिल्लाकडे धावते, हे स्वाभाविक आहे. परंतु व्यापारी माणसाने आधी हिशेब मांडावा. पिल्लाला आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये. त्याचे लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. तोवर पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाचे भय असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाहेर न्यावे लागते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना ते चपलेपासून गादीपर्यंत सर्व काही चावते. शिवाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जी माणसे, जे आवाज त्याच्या परिचयाचे होतात, त्यांवर त्याचा पुढील स्वभाव बराच अवलंबून असतो. ज्या घरात दिवसभर कोणी तरी जाणते माणूस असते आणि पुढील बारा-चौदा वर्षांची जबाबदारी घेणारी तरुण पिढी असते, त्या घराने पिल्लू अवश्य आणावे.

आता आपली घरे पाहू. मुले पुण्याला किंवा परदेशी, घरात साठी ओलांडलेले दोघे, त्यांपैकी एक दिवसभर दुकानात. पासष्टाव्या वर्षी आणलेले पिल्लू म्हातारे होईल, तेव्हा आपण अठ्ठ्याहत्तरीत असू. आजारी कुत्र्याला उचलून दवाखान्यात कोण नेणार? अशा घरासाठी चार-पाच वर्षांचा कुत्रा योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरे कापड किती आटेल, रंग सोडील की नाही, हे धुतल्याशिवाय कळत नाही. मोठा कुत्रा हे धुतलेले कापड आहे. त्याचा आकार ठरलेला असतो, स्वभाव दिसतो. मुलांशी कसा वागतो, फटाक्यांना घाबरतो का, एकटा राहतो का, हे त्याला सांभाळणारी माणसे सांगू शकतात. ते विचारावे, दोन-तीन वेळा जाऊन त्याला भेटावे आणि मगच घरी आणावे.

मोठा कुत्रा लळा लावीत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. प्राणिसेवा करणारी मंडळी एक ठोकताळा सांगतात : भीती ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत कळण्यास तीन आठवडे, घर आपले वाटण्यास तीन महिने. पहिल्या आठवड्यात तो जेवला नाही, कोपऱ्यात बसून राहिला, म्हणून परत पाठविणे म्हणजे एकदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा टाकणे होय.

आहाराचा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. मांजराप्रमाणे कुत्र्याला मांस अपरिहार्य नाही. त्याला धान्य पचते. नीट आखलेल्या शाकाहारावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. परंतु दूध-पोळी हा पूर्ण आहार नव्हे. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने प्रौढ कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. प्रथिने आणि कॅल्शियम यांचे प्रमाण चुकल्यास हाडे बिघडतात. शाकाहारात हे साधणे पिल्लाच्या बाबतीत अधिक कठीण आहे. म्हणून पिल्लू असो वा मोठा कुत्रा, पशुवैद्यकाकडून आहार लिहून घ्यावा. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. ते आपल्या स्वयंपाकघरात नसतातच. पण द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही घातक आहेत, हे घरातील लहानांना सांगून ठेवावे.

शेवटी एक धर्मविचार. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण जाणतो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कुत्रा आणून त्याला दिवसभर दाराशी साखळीने बांधून ठेवणे, हा बंधच आहे. पेढीवर जाताना पाण्याचे भांडे कोरडे राहिले, तर तो अन्नपाननिरोध आहे. जीवदया म्हणून आणलेल्या जिवाच्या वाट्याला हे येऊ नये. तेव्हा त्याचे डोळे पाहून निर्णय घेण्यापूर्वी आपले घड्याळ, आपले वय आणि आपले घर पाहावे. हिशेब जमत नसेल, तर आश्रयस्थानातील एखाद्या कुत्र्याच्या औषधोपचाराचा भार उचलावा; तीही जीवदयाच आहे. हिशेब जमत असेल, तर पिल्लांच्या गर्दीत मागे बसून राहिलेल्या मोठ्या कुत्र्याकडेही एकदा जरूर पाहावे, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.