मॅक्लोडगंजच्या बायका
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्रवासाहून आलेल्या बाईला आपण विचारतो, "काय काय पाहिलंस?" मी मॅक्लोडगंजला जाऊन आले. पण आज डोंगर-देवळांची यादी सांगणार नाही, तिथल्या बायकांबद्दल बोलणार आहे.

हिमाचलमध्ये धर्मशाळेच्या वरच्या अंगाला, धौलाधारच्या कुशीत हे गाव आहे. १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि १९६० पासून इथं राहू लागले. पाठोपाठ निर्वासित आले. प्रवाशाला इथं रंगीत पताका दिसतात, मोमो आणि स्वेटर दिसतात. तो म्हणतो, "किती शांत गाव!" पण मोमोच्या गाडीमागे कोण उभं असतं? लोकरीचं दुकान कोण सांभाळतं? मी पाहिलं तिथं बहुतेक बायकाच होत्या.

त्यांचा इतिहास आपल्याला माहीत हवा. १२ मार्च १९५९ ला ल्हासामध्ये हजारो बायका पोताला राजवाड्यासमोर जमल्या, चिनी सत्तेविरुद्ध उभ्या राहिल्या. कित्येकींना तुरुंगवास झाला. आपल्या ८ मार्चनंतर चारच दिवसांनी येणारा हा दिवस त्या आजही पाळतात. १९८४ मध्ये त्यांनी धर्मशाळेत आपली महिला संघटना पुन्हा उभी केली.

निर्वासितांना सुरुवातीला काम मिळालं ते हिमालयातल्या रस्त्यांवर. बायकांनीही खडी फोडली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बायकांनी फोडली, तशीच. त्या छावण्यांतून आजारी, उपाशी अशी ५१ मुलं १९६० मध्ये धर्मशाळेत आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या बहिणीनं, त्सेरिंग डोल्मांनी, त्यांच्यासाठी बालगृह चालवलं. १९६४ मध्ये त्या वारल्या. मग धाकट्या बहिणीनं, जेत्सुन पेमांनी, ते काम २००६ पर्यंत सांभाळलं.

सगळं काही आलबेल आहे असं मात्र नाही. मठातली 'गेशे' ही सर्वोच्च पदवी शतकानुशतकं पुरुषांचीच होती. २० भिक्षुणींना ती मिळाली २०१६ साली! धर्म कुठलाही असो, ज्ञानाच्या दारावर बाईला ताटकळावंच लागतं.

आता एका घराची गोष्ट. मी जिच्याकडे उतरले होते, ती सत्तरी ओलांडलेली बाई. तिथं अशा बाईला 'अमा-ला' म्हणतात, म्हणजे आई. ती लहानपणी आईच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडून आली. तिला दोन मुली. थोरली १९८५ ची, धाकटी १९८९ ची. दोघी इथंच जन्मल्या, एकाच शाळेत शिकल्या. पण आपल्या कायद्यानं २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं नागरिक. म्हणून थोरली नागरिक ठरते. धाकटीच्या वेळी आईबापांपैकी एक तरी नागरिक असायला हवं होतं, म्हणून ती परदेशी! तिला नोंदणीचा कागद मुदतीत नवा करून घ्यावा लागतो.

थोरलीसारख्यांचा हक्कही कागदावरच होता. १९८६ साली कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर या तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला. ती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती भारतीय नागरिक असल्याचा निकाल दिला. एका बाईच्या लढ्यानं इतर अनेकांची वाट मोकळी झाली.

तरी थोरलीनं पासपोर्टसाठी अर्ज केलेला नाही. मी कारण विचारलं. ती हिंदीत म्हणाली, "दीदी, पासपोर्ट घेतला तर मला जगता येईल. पण मग तिबेटची म्हणून कोण उरणार?" धाकटी फटकन म्हणाली, "तुला निवड तरी आहे!" अमा-ला काही बोलली नाही, लोकर गुंडाळत राहिली.

यातली कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. बाईला देश असतो का, हा प्रश्न आपण शिबिरांमध्ये चर्चेला घेतो. त्या घरात तो रोज जेवायला बसलेला असतो.

आणि त्यासाठी हिमाचललाच जायला हवं असं नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांमध्ये तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात. आपण त्यांच्याशी फक्त भावाची घासाघीस करतो. यंदा शेजारी बसून चहा घेऊया. त्यांचे कागद, त्यांच्या मुलींच्या शाळा, दोन्हींची चौकशी करूया. आणि येत्या ८ मार्चच्या आपल्या कार्यक्रमात त्यांना बोलवूया. प्रेक्षक म्हणून नव्हे, वक्त्या म्हणून.