शिष्यवृत्तीचा मान आणि शिष्यवृत्तीचा हिशेब



प्रमुख पाहुण्यांचे भाषण हे बक्षीस वितरण आणि विविध गुणदर्शन यांच्या मध्ये सापडलेले असते, याची मला पूर्ण कल्पना आहे. फिशपॉन्ड कधी सुरू होणार, ही मागच्या रांगांतली कुजबुजही इथपर्यंत पोचते आहे. म्हणून जिद्द, चिकाटी, ध्येय या विषयांना आज सुट्टी देऊन एकच व्यवहाराची गोष्ट मांडणार आहे. आज या व्यासपीठावर येऊन ज्यांनी ढाली आणि प्रमाणपत्रे घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी येत्या मे-जूनमध्ये एखाद्या विद्यापीठाचे पत्र येईल. आपल्या गुणवत्तेची दखल घेऊन शिक्षण शुल्कात पन्नास टक्के शिष्यवृत्ती देत आहोत, असा मजकूर त्यात असेल. घरात पेढे येतील, काका-मामांना फोन जातील. पेढे जरूर वाटा. पण त्या पत्राच्या भरात प्रवेश पक्का करू नका. कुठे शिकायचे हे आधी ठरवावे आणि शिष्यवृत्ती त्यानंतर हिशेबात धरावी, एवढेच मला सांगायचे आहे. हा क्रम उलटा झाला की हुशार मुलांची निवड फसते, आणि हे नुसते माझे मत नाही. त्याला पुरावा आहे.

मुळात शिष्यवृत्ती या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती असे. 1912 साली मॅट्रिकला पहिले आलेल्या चिंतामणराव देशमुखांना ती मिळाली होती. तो मान विद्यार्थ्याचा होता. आजही केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला 80,000 रुपये देते, त्यांतले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. तिला विषयाची अट आहे. पण मान्यताप्राप्त संस्था कोणती निवडायची, ते तुमच्यावर सोडलेले आहे. उच्च माध्यमिक मंडळाच्या गुणवत्तेवर मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती पदवीच्या वर्षांना 12,000 रुपये देते, तीही विद्यार्थ्याबरोबर जाते. याउलट, एखादे विद्यापीठ स्वतःच्याच शुल्कात जी सूट देते, ती तिथे प्रवेश घेतला तरच तुमची. दुसरीकडे गेलात की तिची किंमत शून्य. चांगले विद्यार्थी आपल्याकडे यावेत, त्यांच्यामुळे निकाल आणि नाव सुधारावे, असे संस्थेला वाटणे गैर नाही. पण पत्रातली गुणवत्तेची स्तुती बाजूला ठेवली की उरते ती किमतीतली सवलत, आणि सवलत तपासायची रीत आपल्या घरात भाजी आणणाऱ्यालाही ठाऊक असते. आधी मूळ किंमत विचारायची.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, एका विद्यापीठाचे शिक्षण शुल्क वर्षाला 3,20,000 रुपये आहे आणि त्यांत तुम्हाला निम्मी सूट मिळाली. राहिले 1,60,000. पण सूट फक्त शिक्षण शुल्कात आहे. वसतिगृह आणि मेसचे 1,40,000, विकास, परीक्षा आणि किरकोळ शुल्कांचे 30,000 पूर्ण भरायचे आहेत. म्हणजे वर्षाला 3,30,000 आणि चार वर्षांना, एक रुपयाही वाढ झाली नाही असे धरले तरी, 13,20,000. दुसरीकडे शिष्यवृत्ती न देणारे एक कॉलेज आहे, त्याचे शुल्क 1,60,000 आणि खोली-डब्याचा खर्च 1,20,000. तिथले चार वर्षांचे होतात 11,20,000. म्हणजे ज्याच्यासाठी पेढे वाटले, ते दोन लाखांनी महाग पडले. आता त्याच पत्रातली शेवटची, बारीक अक्षरांतली ओळ वाचा. दरवर्षी अमुक इतका सीजीपीए राखल्यासच सूट पुढे चालू राहील, असे तिथे म्हटलेले असते. पहिल्या वर्षी ती अट हुकली तर उरलेली तीन वर्षे दरसाल 4,90,000 भरायचे. एकूण बेरीज 18,00,000 वर जाते. तोवर परत फिरायची वाट बंद झालेली असते.

ही अट नुसती खिशाशी संबंधित नाही, ती शिकण्याची तऱ्हाही बदलते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने 1993 मध्ये ‘होप’ नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू केली. ती टिकवायला सरासरी ‘बी’ श्रेणी राखावी लागे. अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मुले एका सत्रात कमी विषय घेऊ लागली होती आणि जड वाटणारा विषय मध्येच सोडू लागली होती. त्यांना दोष देता येत नाही. एका अवघड पेपरवर लाखभर रुपये टांगलेले असतील तर कोणीही सोपा पेपर शोधेल. पण विद्यापीठात जायचे ते अवघड विषयाला भिडायलाच ना? त्यातून काही ठिकाणी श्रेणी सापेक्ष असते, वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते. साऱ्या शिष्यवृत्तीधारकांना एकाच वर्गात बसवून प्रत्येकाने वरच्या श्रेणीत यावे अशी अट घातली, तर काहींची शिष्यवृत्ती जाणारच. त्यात आळसाचा प्रश्न नाही, तो गणिताचा भाग आहे. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांना आता किती विद्यार्थ्यांची सशर्त शिष्यवृत्ती कमी झाली किंवा गेली, हा आकडा दरवर्षी जाहीर करावा लागतो. आपल्याकडच्या माहितीपुस्तिकांत असा रकाना सहसा दिसत नाही. मग तो प्रश्न तुम्हीच विचारा. गेल्या वर्षी किती जणांना शिष्यवृत्ती दिली आणि दुसऱ्या वर्षी त्यांतल्या किती जणांची चालू राहिली? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

यापेक्षाही बोलका पुरावा मॅसॅच्युसेट्सचा आहे. त्या राज्याने 2004 मध्ये जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स यांच्या नावाने गुणवत्ता शिष्यवृत्ती जाहीर केली. राज्याच्या परीक्षेत वरचे गुण मिळवा आणि राज्याच्या सरकारी महाविद्यालयात आलात तर ‘ट्यूशन’ माफ. मेख अशी, की तिथे ट्यूशनपेक्षा इतर सक्तीची शुल्केच कितीतरी जास्त होती, म्हणजे खरी बचत बेताचीच. सारा कोहोड्स आणि जोशुआ गुडमन या संशोधकांनी पात्रतेच्या रेषेच्या जरासे वर आणि जरासे खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. दोघांची बुद्धी जवळपास सारखी. फरक फक्त शिष्यवृत्तीचा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, एवढ्याशा बचतीसाठी मुलांनी हाताशी असलेली अधिक चांगली महाविद्यालये सोडली आणि शिष्यवृत्ती घेतल्यामुळे पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण उलट घटले. मदतीने नुकसान झाले. अमेरिकेचे उदाहरण इथे कशाला, असे कोणी म्हणेल. तिथली व्यवस्था वेगळी आहे, पदवी अर्धवट सोडण्याची कारणेही वेगळी आहेत, हे मान्य. पण मान मिळाला की माणूस किमतीकडे नीट पाहत नाही आणि शिक्षणाचा दर्जा पदवीच्या भवितव्यावर परिणाम करतो, या दोन गोष्टींना देशाची सीमा नसावी.

आता पालकांच्या मनातला आक्षेप. बोलायला सोपे आहे, पण घरची परिस्थिती बेताची असेल तर दर्जाच्या गप्पा परवडत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण परिस्थिती बेताची असेल तर हिशेब अधिकच काटेकोर हवा, कारण चूक झाली तर सावरायला गाठीशी काही नसते. महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तांत्रिक अभ्यासक्रमांत ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या पाच टक्के जादा जागा असतात. पण हे लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, प्रवेश घेणाऱ्यांचे आहेत. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ते मिळत नाहीत, आणि मुलींची शुल्कमाफी खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. त्यामुळे पन्नास टक्क्यांच्या सवलतीसाठी शंभर टक्क्यांची माफी सोडली, असे एखाद्या मुलीच्या बाबतीत सहज घडू शकते. कर्जाची भीती वाटते, हेही समजते. पण नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. हे सारे पर्याय मांडूनही शिष्यवृत्तीचे विद्यापीठच स्वस्त पडत असेल आणि फरक घराला झेपणारा नसेल, तर ते बेधडक निवडा. तो निर्णय हिशेबाने घेतलेला असेल.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. मोठ्या नावाच्या संस्थेत गर्दीत हरवण्यापेक्षा लहान संस्थेत पहिले राहिलो तर प्राध्यापक ओळखतात, संधी मिळतात. यात तथ्य आहे. काही मुले आपलेपणाने फुलतात. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. सोबतचे विद्यार्थी तुमच्याइतकेच किंवा तुमच्याहून तयारीचे असले की वसतिगृहातल्या रात्रीच्या चर्चेतही अभ्यास होतो. तेव्हा संस्था लहान की मोठी यापेक्षा तिथे प्राध्यापकांची किती पदे भरलेली आहेत, प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचा हात उपकरणाला लागतो की चौघांत एकच जण प्रयोग करतो आणि बाकीचे वाचने उतरवून घेतात, ग्रंथालय किती वाजता बंद होते, हे पाहा. माहितीपत्रक सांगणार नाही ते दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कॅन्टीनमध्ये पाच मिनिटांत सांगेल.

शिष्यवृत्तीचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिच्याविना तो इतिहास वेगळा झाला असता. पण तिलाही मुदत होती, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेले शिक्षण, मुदत संपली म्हणून, 1917 मध्ये अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पैशाची सोय त्यांनी दोनदा वेगवेगळ्या मार्गांनी केली; लंडनमध्ये शिकायचा निश्चय मात्र बदलला नाही. आधी ठिकाण आणि मग पैसा, हा क्रम यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

म्हणून पत्र आले की तीन कामे करा. शिष्यवृत्तीचा आकडा झाकून आवडीच्या संस्थांची यादी क्रमाने लिहा. मग प्रत्येकीसमोर चारही वर्षांचा, राहण्याजेवण्यासकट खर्च मांडा. शिष्यवृत्ती टिकली तर किती आणि गेली तर किती, असे दोन्ही आकडे. शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या खर्चाच्या फरकावर आईवडिलांशी मोकळेपणाने बोला. आठ दिवसांत पैसे भरा नाहीतर शिष्यवृत्ती जाईल, अशी घाई कोणी केली तर लक्षात ठेवा, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत आणि प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या टप्प्यांप्रमाणे शुल्क परत करावे लागते. सीईटीचा निकाल आणि कॅपच्या फेऱ्या होईपर्यंत थांबण्याइतका धीर ठेवा. ज्या गुणांमुळे ते पत्र आले ते गुण तुमचे आहेत. मुदत टळली म्हणून ते कमी होत नाहीत.